क्रांतिसिंह नाना पाटील : बीडच्या या खासदारानं भूमिगत असताना लग्नं का लावली?

बीड जिल्ह्यात लग्नसराईचं गणित ऊसतोडीवर चालतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेली माणसं कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये गावाकडं परततात आणि मग गावोगाव मांडव पडतात. कुठं गुरुजी मंगलाष्टका म्हणतात, कुठं जंगम स्वामी लग्न लावतात, कुठं बौद्धाचार्य. समोर अक्षता घेऊन उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांच्या डोक्यात दोन प्रश्न सहसा येत नाहीत. एक, लग्न लावायचा अधिकार या माणसाला कुणी दिला? आणि दोन, या कार्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायला किती हंगाम जाणार?

हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडणारा आणि त्यांवर प्रत्यक्ष उपाय करून पाहणारा एक माणूस १९६७ साली बीडमधूनच लोकसभेवर निवडून गेला होता. त्याचं नाव क्रांतिसिंह नाना पाटील.

नाना पाटील म्हटलं की आपल्याला आठवतं ते साताऱ्याचं प्रति सरकार, इंग्रजांना दिलेला गुंगारा आणि तुफान सेना. पण याच सरकारनं लग्नाची एक वेगळी पद्धत रुजवली होती. लोक तिला गांधी लग्न म्हणायचे. भटजी नाही, हुंडा नाही आणि खर्च नावापुरता. लग्न लावणार कोण? चळवळीचा नेता किंवा कार्यकर्ता.

इंग्रजांशी लढणाऱ्या भूमिगत नेत्याला लग्नं लावायची गरज का पडली असेल? ते समजून घेण्यासाठी नानांची गोष्ट सुरुवातीपासून बघूया.

तलाठ्याची नोकरी सोडली

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. मूळ गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. पूर्ण नाव नाना रामचंद्र पिसाळ. पाटीलकीमुळं पाटील हे नाव लागलं आणि तेच पुढं राहिलं. घर शेतकऱ्याचं, अंगकाठी पैलवानाची, आवाज खणखणीत.

मराठी शाळेतलं शिक्षण संपल्यावर नाना तलाठी झाले. त्या काळात शेतकऱ्याच्या मुलासाठी ही मानाची नोकरी होती. आणि गावाची खरी परिस्थिती बघायला तलाठ्याच्या दप्तरासारखी जागा नाही. कुणाचा सारा थकला, कुणाची जमीन गहाण पडली, कुणाच्या शेतावर आता सावकाराचं नाव लागलं, हे सगळं त्याच्यासमोरून जातं.

१९३० साली गांधीजींनी कायदेभंगाची हाक दिली. नानांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उतरले. त्यानंतरच्या बारा वर्षांत ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर आले की गावोगाव सभा घ्यायचे. त्यांचं भाषण पुस्तकी नसायचं. बैल, नांगर, पेरणी, सासू-सून असे घरातले आणि शेतातले दाखले देत ते बोलायचे आणि हजारो माणसं ऐकायला जमायची.

पण नानांच्या विचारांची पाळंमुळं काँग्रेसच्याही आधीच्या एका चळवळीत होती. ती म्हणजे सत्यशोधक समाज. गांधी लग्नाचा धागा तिथपासून सुरू होतो.

लग्न लावायचा हक्क तेव्हा कुणाचा होता?

जुन्या गावगाड्यात ग्रामजोशी हे वतन होतं. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं, लग्न लावणं हे जोशाचं काम आणि त्याची दक्षिणा हा त्याचा वंशपरंपरागत हक्क. गंमत म्हणजे यजमानानं त्याला बोलावलं नाही तरी काही ठिकाणी जोशी आपल्या हक्काच्या पैशांवर दावा सांगायचा. म्हणजे तुमच्या घरचं लग्न कुणी लावायचं हे तुम्ही ठरवू शकत नव्हता. ठरवलंच, तर वर पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागायची.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ ला, भटजीशिवायचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर हे ते जोडपं. सावित्रीबाईंनी या लग्नात पुढाकार घेतला होता. पुढं १८८७ मध्ये फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीचे विधी आणि मंगलाष्टकं पुस्तकरूपानं छापली. त्याचा अर्थ सरळ होता. वाचता येणारा कुणीही माणूस आता हे पुस्तक हातात घेऊन लग्न लावू शकत होता. त्यासाठी विशिष्ट जातीत जन्म घ्यायची गरज उरली नव्हती.

विरोध झालाच. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरमध्ये भटजीशिवाय लग्न लावणाऱ्या घरावर जोशांनी दावा लावला. हे प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सत्यशोधक चळवळीसाठी ती मोठी लढाई ठरली.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं पुढचं पाऊल पडलं. १९१३ मध्ये तिथं सत्यशोधक पुरोहित तयार करणारी शाळा सुरू झाली. विठ्ठलराव डोणे तिचं काम बघायचे. बहुजन समाजातली मुलं तिथं विधी शिकायची आणि आपापल्या भागात जाऊन लग्न, वास्तुशांती, श्राद्ध करायची. एकट्यादुकट्या माणसानं भटजीशिवाय लग्न लावणं वेगळं आणि शिकून तयार झालेली, एकमेकांना ओळखणारी पन्नास माणसं गावोगाव असणं वेगळं. बहिष्काराची धमकी आली, तर एकटा माणूस मोडतो. शेजारच्या गावातून मदतीला येणारं कुणी असेल, तर तो टिकतो.

शेवटी कायदाही बदलला. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात लावून धरलेल्या प्रयत्नांमुळं १९२६ साली कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणेवर हक्क सांगता येणार नाही हे पक्कं झालं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा कायदा मुंबई इलाख्याचा होता. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळं तो बीडला लागू नव्हता.

सातारा जिल्हा मात्र मुंबई इलाख्यात होता आणि सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्लाही. सत्यशोधक जलसे, त्यांतली गाणी, सावकार-भटजींवरची टीका या वातावरणात तरुण नाना पाटील घडले.

१९४२ : घर जप्त, नाना गायब

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव चळवळ सुरू झाली. मोठे नेते एका रात्रीत तुरुंगात गेले. साताऱ्यात सुरुवातीला कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं गेली. तेव्हा इथल्या कार्यकर्त्यांनी ठरवलं, की आता अटक करून घ्यायची नाही. नाना भूमिगत झाले ते थेट १९४६ पर्यंत.

सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं, घर आणि जमीन जप्त केली. पण नाना सापडले नाहीत. याचं कारण त्यांच्या वेषांतरात जितकं होतं त्याहून जास्त गावकऱ्यांत होतं. भाकरी देणारं घर, निरोप नेणारं पोर, पोलीस दिसले की खूण करणारा गुराखी, अशी साखळी सगळीकडं होती.

१९४३ पासून या भागात प्रति सरकार उभं राहिलं. लोकांच्या तोंडी त्याचं पत्री सरकार झालं. फितुरांच्या पायांना पत्री ठोकतात, अशी बोलवा त्यावरून पसरली. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, नागनाथ अण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर ही या सरकारची ठळक नावं. कुंडल हे मोठं केंद्र. तुफान सेना ही त्याची तरुणांची फौज. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. हा पैसा चळवळीला लागला.

नानांची एकुलती एक मुलगी हौसाताईही यात होती. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातून एका सहकाऱ्याला सोडवून आणण्याच्या मोहिमेत ती गेली होती. हौसाताईंचं निधन २०२१ मध्ये झालं.

गाड्या आणि खजिन्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. पण प्रति सरकार चाललं ते रोजच्या कामांवर. गावोगाव न्यायदान मंडळं होती. जमिनीचे वाद, सावकारी, चोऱ्या, बायकांना त्रास देणारे पुरुष अशी प्रकरणं तिथं यायची. दारूबंदी होती, ग्रंथालयं आणि शाळांचं काम होतं. आणि लग्नं होती.

गांधी लग्न म्हणजे नेमकं काय?

शेतकऱ्याच्या घरात वर्षभर खर्च थोडाथोडा होतो. बियाणं, बैलाची पेंड, मीठ-मिरची. एकरकमी मोठा पैसा लागतो तो लग्नात. आणि एकरकमी पैसा तेव्हा एकाच माणसाकडं मिळायचा, सावकाराकडं. हुंडा, मानपान, जेवणावळी, वाजंत्री, दक्षिणा या सगळ्यासाठी जमीन गहाण पडायची. लग्न दोन दिवसांत उरकायचं, व्याज मात्र वर्षानुवर्षं चालायचं.

प्रति सरकारची भूमिका अशी होती, की सावकाराला नुसता धाक घालून भागणार नाही. माणसं त्याच्या दारात जातात ते कारणच कमी करायला हवं. म्हणून गांधी लग्न. यात हुंडा नाही. वाजतगाजत वरात नाही. मुहूर्ताची अडचण नाही. भटजी नाही, म्हणून दक्षिणाही नाही. दोन्हीकडची माणसं आणि गाव जमायचं, वधूवर एकमेकांना हार घालायचे, जमलेल्या लोकांसमोर नेता चार शब्द सांगायचा आणि लग्न लागायचं. अनेकदा एकाच मांडवात अनेक जोडप्यांची लग्नं व्हायची. मांडव एक, खर्च सगळ्यांचा मिळून.

नेत्यांनी हे फक्त दुसऱ्यांना सांगितलं नाही. जी. डी. बापू लाड यांचं स्वतःचं लग्न भूमिगत काळातच, कुंडलमध्ये, याच पद्धतीनं झालं. पोलीस ज्यांच्या मागावर होते त्या माणसाचं लग्न गावानं उघडपणे लावलं. त्या भागात खरी सत्ता कुणाची चालते हे त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला कळलं असणार.

नावाचाही विचार करण्यासारखा आहे. पद्धत मूळची सत्यशोधकी, नाव गांधींचं. सत्यशोधक लग्न म्हटलं की ब्राह्मणेतर वाद आठवायचा. गांधींच्या नावात सगळा गाव सामावायचा. भटजी नको, पण गांधी चालतील, असं म्हणणारी माणसंही त्यात आली. आणि प्रति सरकारच्या चळवळीत ब्राह्मण कार्यकर्तेही होतेच.

लग्न लावणारा कसा तयार व्हायचा?

कोल्हापूरच्या शाळेत विधी शिकवले जायचे. प्रति सरकारात लग्न लावणाऱ्यासाठी वेगळी शाळा नव्हती. मग पात्रता कशात होती?

पहिली गोष्ट म्हणजे गावाचा विश्वास. लग्न लावणारा माणूस हा खरं तर साक्षीदार असतो. उद्या नवऱ्यानं हात वर केले किंवा सासरच्यांनी पैसे मागितले, तर हे लग्न लागलं होतं आणि या अटींवर लागलं होतं, हे ठामपणे सांगणारं कुणीतरी लागतं. परंपरेत तो वजनाचा भाग भटजीच्या मंत्रांना होता. इथं तो तुरुंग भोगलेल्या, पैसे न खाणाऱ्या कार्यकर्त्याच्या शब्दाला आला.

दुसरी गोष्ट म्हणजे मागं उभं असलेलं जाळं. एखाद्या कार्यकर्त्यानं हुंडा न घेता लग्न लावलं आणि नंतर वाद झाला, तर प्रकरण न्यायदान मंडळापुढं जायचं. नातेवाइकांनी वाळीत टाकायची भाषा केली, तर शेजारच्या गावांतले कार्यकर्ते पाठीशी असायचे. एका गावात लागलेल्या लग्नाची बातमी पुढच्या गावात जायची आणि तिथली माणसं धीर करायची. निरोप नेणारी, भाकरी देणारी आणि लग्न लावणारी माणसं एकाच साखळीतली होती. म्हणूनच ही पद्धत एका गावापुरती राहिली नाही.

तिसरी गोष्ट नाना स्वतः. प्रत्येक मांडवात ते पोहोचू शकत नव्हते. पण नानांना मान्य असलेली पद्धत, एवढं म्हटलं तरी घरातल्या म्हाताऱ्यांचा विरोध मावळायचा. मंगलाष्टका झाल्या नाहीत म्हणून पोरीचं लग्न अपुरं राहिलं, ही भीती घालवायला ज्याचा शब्द घरात चालतो असा माणूस लागतो. नानांची भाषा त्या घरातली होती.

सगळंच गोड नव्हतं

प्रति सरकारच्या शिक्षा कठोर होत्या. पायांच्या तळव्यांवर फटके मारले जायचे आणि काही प्रकरणांत त्याहून गंभीर हिंसाही झाली. लग्नाला गांधींचं नाव होतं, पण ती लावणारी संघटना हत्यार बाळगणारी होती. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तेव्हा साताऱ्यातले बरेच जण बाहेर आले नाहीत. हा विरोधाभास तेव्हाही बोलला जात होता.

दुसरी मर्यादा जातीची. गांधी लग्नानं भटजी बाजूला केला, खर्च कमी केला. पण वधूवर बहुतेकदा एकाच जातीतले राहिले. खुद्द गांधीजी शेवटच्या काळात आंतरजातीय लग्नांचा आग्रह धरू लागले होते. त्यांच्या नावाच्या लग्नपद्धतीला ते पाऊल सर्रास उचलता आलं नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. शेतकरी फक्त लग्नामुळं कर्जात बुडतो, असं म्हणणं सोपं असतं. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या सरकारी आयोगानंही लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, असंच मत नोंदवलं होतं. जबर सारा, पावसाचा लहरीपणा आणि व्याजाचे दर ही कारणं मोठी होती. नानांना हे माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच लग्नसुधारणेच्या जोडीला त्यांनी सावकारशाही आणि शेतकऱ्याची लूट हे विषय शेवटपर्यंत सोडले नाहीत.

साताऱ्याचे नाना बीडला कसे आले?

१९४६ मध्ये नाना उघड झाले, तेव्हा त्यांच्या सभांना अफाट गर्दी लोटली. पण स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसमध्ये रमले नाहीत. शेतकरी-कामगारांच्या प्रश्नावर ते आधी शेतकरी कामगार पक्षात आणि पुढं भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ साली डहाणूला झालेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर होते आणि १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेवर गेले.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर त्यांनी बीडमधून निवडणूक लढवली आणि जिंकली. बीडसाठी डावा उमेदवार नवखा नव्हता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीतही इथून काँग्रेसविरोधी डाव्या आघाडीचे रामचंद्र परांजपे निवडून आले होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत राहिलेल्या या भागात देशमुख-सावकारांविरुद्धचा राग जुना होता. पाऊस कमी, जमीन हलकी, हाताला काम नाही. अशा मतदारसंघात पासष्टी ओलांडलेला, धोतर-सदऱ्यातला, शेतकऱ्याच्या बोलीत बोलणारा माणूस परका वाटला नाही.

त्याच १९६७ साली तमिळनाडूत लग्नाबद्दल एक मोठी गोष्ट घडली. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीत पुरोहिताशिवाय लागणाऱ्या लग्नांना अण्णादुराई सरकारनं कायदेशीर मान्यता देणारी दुरुस्ती विधानसभेत आणली. नातेवाईक-मित्रांसमोर एकमेकांना हार किंवा अंगठी घातली, तरी ते हिंदू विवाह कायद्यात लग्न ठरेल, अशी ती तरतूद. फुल्यांपासून नानांपर्यंत एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात मात्र अशी दुरुस्ती झाली नाही.

१९७० च्या डिसेंबरात लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि नानांची बीडची खासदारकी संपली. ६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती.

आज असं लग्न लावायचं असेल तर?

सत्यशोधक पद्धतीची लग्नं महाराष्ट्रात आजही लागतात. बौद्ध पद्धतीत बौद्धाचार्य लग्न लावतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनं स्त्रियांना आणि सर्व जातींतल्या लोकांना पौरोहित्य शिकवलं. म्हणजे लग्न लावणारा जन्मानं ठरत नाही, हे बऱ्यापैकी मान्य झालंय. पण लग्न लावणाऱ्यानं तीन गोष्टी माहीत करून घ्यायला हव्यात.

एक, हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वर, कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हायला हवेत. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र विधींची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विधींचा वाद नको असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा रस्ता आहे. तिथं तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार लागतात.

दोन, महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करताना अर्जावर वधूवर आणि तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्याचीही माहिती आणि सही लागते. पुरोहित या रकान्यातली ती सही म्हणजे साक्ष आहे.

तीन, आणि बीडसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झालाय का, हे बघणं लग्न लावणाऱ्याचीही जबाबदारी आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं दिसलं. फडावर जाताना वयात आलेल्या पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची काळजी आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरण्याची पद्धत, या दोन्हींचा यात मोठा वाटा आहे. मांडवात उभ्या असलेल्या माणसानं वयाचा दाखला मागितला आणि तो मिळेपर्यंत लग्न लावायला नकार दिला, तर एक लग्न तिथं थांबतं. पण नकार देणारा एकटा असेल, तर घरचे दुसरा माणूस बघतात. तालुक्यातल्या सगळ्या लग्न लावणाऱ्यांनी मिळून ठरवलं, तरच त्या नकाराला अर्थ येतो. नानांच्या काळात कार्यकर्त्यांची साखळी जे करत होती, ते हेच.

बीडचे हजारो ऊसतोड मजूर दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांतले काही वाळवा आणि कुंडलच्या शिवारात उतरतात. तिथल्या कारखान्यांना नावं आहेत हुतात्मा किसन अहिर आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांची. दोघंही प्रति सरकारातले नानांचे सहकारी. ज्या मातीत लग्नाच्या कर्जातून शेतकऱ्याला सोडवायला गांधी लग्नं लागली, तिथंच आज बीडची माणसं ऊस तोडतात. त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर लेकीच्या लग्नासाठी घेतलेली उचल असते. हंगाम संपला की ते गावाकडं परततील आणि पुन्हा मांडव पडतील.